मे महिन्यात ताडोबा आणि पत्र्याची गाडी: एसीच्या आधी काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घेऊन तिची कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेतली आहे. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि ६८ वर्षांची आई, असे २० मेच्या सुमारास पुण्याहून ताडोबाला निघणार. मार्चमध्ये भोरजवळ एक रात्र काढली तेव्हाच दुपारी आत बसवेना. गाडी बांधणाऱ्याने दीड टनाचा एसी आणि डिझेल जनरेटर सुचवलाय. तो आकडा ऐकून तुम्ही विचारताय, की दुसरा काही मार्ग आहे का.

मार्ग आहे. आणि उद्या एसी घेतलात तरी ही कामं आधी करावीच लागतील, नाहीतर तो एसी दिवसभर तुमच्या टपाचा पत्रा गार करत बसेल. मी अकरा वर्षं अशा गाड्या बांधते, आणि माहेर वरोऱ्याचं आहे. त्यामुळे चंद्रपूरचा मे महिना मला कुणी नव्याने सांगायला नको.

आधी ऊन येतं कुठून ते बघा, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. घर बांधताना आपण दक्षिण आणि पश्चिम या तापणाऱ्या बाजू धरतो. वर्षभराचा विचार केला तर ते बरोबरच आहे. पण मे महिन्यात विदर्भात सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो. चंद्रपूरला शून्य सावलीचा दिवस २० मेच्या आसपास येतो, नागपूरला २६ मेच्या आसपास, म्हणजे नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागतो त्याच दिवसांत. दुपारी सव्वाबाराला गाडीच्या भिंतींवर ऊन जवळजवळ नसतंच, सगळं टपावर. ट्रॅव्हलरचा टप धरा ९ चौरस मीटर. भर दुपारी दर चौरस मीटरवर १ किलोवॉटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे तुमच्या डोक्यावर चार-साडेचार गीझर चालू आहेत. पांढरा टप यातलं ७०–८० टक्के परत फेकतो, गडद टप ९० टक्के पिऊन टाकतो. तुमच्या फोटोत टप करडा दिसतोय. पहिलं काम तेच: टपाला उष्णता परतवणारा पांढरा रंग. अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते. नुसत्या टपासाठीही आधी आरटीओत विचारून घ्या, उगाच पासिंगच्या वेळी वाद नको.

दुसरं काम त्याहून स्वस्त आणि त्याहून परिणामकारक. शेडनेट. रोपवाटिकेवर आणि भाजीच्या शेतावर ताणतात तीच, कुठल्याही कृषी केंद्रात मीटरवर मिळते. ७५ किंवा ९० टक्के ऊन अडवणारी घ्या, पांढरी किंवा चंदेरी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर हिरवी चालेल. ती टपावर अंथरायची नाही. टपापासून वीतभर तरी वर ताणायची, म्हणजे जाळी आणि पत्रा यांच्यामधून वारा वाहिला पाहिजे. कॅरिअरच्या कठड्याला चार कोपऱ्यांत जीआय पाइपचे फूटभर तुकडे उभे करा, त्यांवर आडवे दोन पाइप टाका आणि जाळी दुचाकीवर सामान बांधायच्या हुकवाल्या रबरी दोऱ्यांनी ओढून बांधा. दोन्ही बाजूंना मीटरभर बाहेर येऊ द्या. गाडी चालताना गुंडाळून ठेवायची, थांबलं की दहा मिनिटांत ताणली जाते. ताडपत्री मात्र नको. ती स्वतः तापते आणि खालची गरम हवा कोंडून धरते.

गेल्या मेमध्ये वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावाच्या अलीकडे एका धाब्यावर टायरवाल्याची वाट बघत तीन तास अडकले होते. बाहेर ४५. सोबत तापमान मोजायची बंदूक होती आणि करायला दुसरं काही नव्हतं. आतल्या प्लायच्या छताला नेम धरला: ५४. जाळी ताणली, गोणपाटाची दोन पोती धाब्याच्या हौदात बुडवून ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या भागावर टाकली. पाऊण तासाने जाळीखालचं छत ४४, पोत्यांखालचं ३६. धाब्यावरचे दोन ट्रकवाले हे बघून हसत होते, कारण ओली पोती त्यांच्या आजोबांच्या काळापासून चालत आली आहेत. पोत्यांची युक्ती खरंच चालते, पण रोज करू नका. पत्र्याच्या सांध्यात पाणी मुरतं आणि पावसाळ्यात गंजाचं बिल येतं.

आता आतलं अस्तर. तुम्ही लिहिलंय की फुग्यांची चंदेरी शीट पत्र्याला चिकटवून वर प्लाय मारलाय. वाईट वाटून घेऊ नका, माझ्या पहिल्या गाडीत मीही हेच केलं होतं. चंदेरी पृष्ठभाग उष्णता परतवतो तो समोर हवेची पोकळी असेल तरच. पत्रा आणि प्लाय यांच्यामध्ये दाबून बसवला की तो नुसता पातळ प्लास्टिकचा थर उरतो. टपाला किमान २५ मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस (थर्माकोलच्या जातीचा, पण घट्ट आणि कडक) फोम किंवा नायट्रिल रबराची शीट हवी. हिशेब सांगते: बाहेर पत्रा ६५ अंश आणि आत तुम्हाला २८ हवेत, तर उघड्या पत्र्याच्या टपातून दीड किलोवॉटहून जास्त उष्णता आत येते. २५ मिलिमीटर फोम असेल तर ४०० वॉट. एवढ्या एका थराने तुमच्या एसीचं निम्मं काम वाचतं. टपाच्या आडव्या लोखंडी फासळ्या मात्र विसरू नका. दोन फासळ्यांमध्ये फोम नीट बसवतात आणि फासळीवर थेट प्लाय स्क्रूने आवळतात, मग उष्णता त्या वाटेने आत उतरते. फासळीवर ६ मिलिमीटरची रबरपट्टी चढवून मगच प्लाय. आणि चिकटवायला सोफ्याचं साधं सोल्यूशन वापरू देऊ नका. ते ६०–७० अंशांना मऊ पडतं. माझं छत वर्ध्याच्या अलीकडे भर दुपारी पोळीसारखं अलगद सुटून खाली आलं होतं, खाली भाचा झोपलेला. उच्च तापमानाचं सोल्यूशन मागा, डब्यावर अंश लिहिलेले असतात.

काचांचा नियम एकच: ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. पडदा आतून लावला की ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि खोली तापवतो. तीन चौरस मीटर काचांवर ऊन पडत असेल तर दीड किलोवॉट तिथूनच. खिडक्यांवर बाहेरून शेडनेटचेच तुकडे वेल्क्रोने लावा, समोरच्या काचेवर गाडीच्या कव्हरच्या कापडाचा तुकडा शिवून घ्या, दोन टोकं दारात अडकवायची. काळ्या फिल्मच्या भानगडीत पडू नका. समोरच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे, आणि थांबलेल्या गाडीला बाहेरच्या जाळीइतका फायदा फिल्म देत नाही. केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये जाड गोधडीसारखा पडदा हवाच. इंजिन बंद केल्यावरही तासभर त्याची धग केबिनमध्ये येत राहते.

गाडी उभी कशी करायची? लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन गाडीच्या आखूड बाजूंवर पडतं. इथपर्यंत सगळेच सांगतात. पुढची गोष्ट फक्त मे-जूनची आहे. या दिवसांत सूर्य ईशान्येकडे झुकून उगवतो आणि वायव्येकडे झुकून मावळतो, त्यामुळे तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीवर येतं आणि दक्षिणेची बाजू जवळपास दिवसभर सावलीत राहते. तुमचं दार आणि दाराबाहेर ताणायची कापडी छत्री डावीकडे आहेत. म्हणून गाडीचं तोंड पश्चिमेला करा, डावी बाजू आपोआप दक्षिणेला येते. समोरची काच पश्चिमेच्या उन्हात येईल, तिच्यावर ते शिवलेलं कापड आहेच. झाडाखाली जागा मिळाली तर हा सगळा हिशेब गुंडाळून ठेवा. फक्त झाड बघून घ्या: मेमध्ये सागाला पान नसतं, मोहाला नवी पालवी फुटलेली असते, आणि कडुलिंब, चिंच, आंबा म्हणजे चैन. आंब्याखाली कैऱ्या टपावर पडून आई दचकतील, तेवढी तयारी ठेवा.

आता गार करायचं यंत्र. ताडोब्यासाठी माझं उत्तर कूलर. एसी नाही. कोरड्या हवेत पाणी उडताना हवेतली उष्णता ओढून घेतं. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाचं तापमान २४ अंशांपर्यंत उतरतं. चांगला कूलर या दोहोंमधलं तीन चतुर्थांश अंतर कापतो, म्हणजे आत येणारी हवा २९–३० अंश. हेच गणित रत्नागिरीला मांडा: ३४ अंश, ७० टक्के आर्द्रता, ओलं कापड २९ च्या वरच. तिथे कूलर तुम्हाला फक्त चिकट करेल. म्हणून कोकण-गोव्याच्या ट्रिपचा विचार करून कूलर घेऊ नका. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात विदर्भातही वळवाचे ढग आले की त्याचा जोर उतरतो.

१२ व्होल्टचा छोटा कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला टांगला जाईल असा घ्या, आत ठेवायचा नाही. त्याला बाहेरची कोरडी हवा हवी आणि आतली ओली हवा जायला वाटही हवी. समोरच्या बाजूची खिडकी किंवा छतातला पंखा उघडा ठेवला नाही तर अर्ध्या तासात आत धोबीघाट होतो. नागपूरकरांना हे उपजत कळतं, पुण्याची माणसं कूलर लावून सगळी दारं-खिडक्या घट्ट बंद करतात. तासाला ३–४ लिटर पाणी जाईल असं धरा, दुपारच्या पाच-सहा तासांना २० लिटरचा एक जार. वाळ्याचे पडदे लावलेत तर वासाचं सुख वेगळंच, फक्त पाणी रोज बदला आणि रात्री टाकी उपसा.

छतातला पंखा हा मात्र मी प्रत्येक गाडीत आग्रहाने बसवते. १२ व्होल्टचा, १४ इंची, उलट-सुलट दोन्हीकडे फिरणारा. पूर्ण वेगातही तो ४–५ अँपिअरच्या वर जात नाही. याचं खरं काम संध्याकाळी सातनंतर सुरू होतं. बाहेर हवा उतरायला लागते, पण प्लाय, कपाटं आणि गादी दिवसभराची धग सोडत असतात, म्हणून साडेआठला बाहेर ३६ आणि आत ४०. तेव्हा पंखा हवा बाहेर फेकण्यावर ठेवा आणि सावलीच्या बाजूची एकच खिडकी खालून उघडा, ती पलंगाजवळची असावी. हवा अंगावरून जाऊन छतातून बाहेर पडते. दुपारी कूलर चालू नसेल तेव्हा उलटं: बाहेर आतल्यापेक्षा जास्त तापलेलं असेल तर खिडक्या बंद. आणि ४० अंशांच्या वर नुसता पंखा अंगावर घेऊ नका, त्याने गार वाटत नाही, अंगातलं पाणी तेवढं जातं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. सहा इंची फोमची गादीही घरी ठेवा, ती रात्री एकपर्यंत गरम राहते. कापसाची पातळ गादी आणि वर सुती चादर.

तरीही एसी हवाच असेल, आणि आईंसाठी तो हवा असं मलाही वाटतं, तर दीड टन आणि जनरेटर नको. तुमची खोली दहा बाय सहाची आहे. वरची कामं झाली की पाऊण-एक टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो आणि तो रिसॉर्टच्या विजेवर चालवा. सध्याच्या २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत अडीच युनिट वीज असते. ट्रकवाल्यांसाठी मिळणारे पार्किंग एसी ७००–८०० वॉट खातात, म्हणजे बॅटरीवर तीन तास. टपावरचे ४०० वॉटचे सोलर पॅनेल दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देतील, कारण पॅनेल तापलं की त्याचं उत्पादन घटतं. हे तीन तास जेवण झाल्यावरच्या झोपेला वापरा, रात्रभर चालेल अशी आशा धरू नका. आणि लिथियम बॅटरी बाहेरच्या पत्र्याच्या खणात असेल तर आजच आत सीटखाली आणा. बहुतेक बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात आणि तो खण दुपारी त्याच्या कितीतरी वर जातो. मग बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) चार्जिंग तोडतं आणि लोक सोलरवाल्याला शिव्या देतात.

जनरेटरबद्दल माझं मत कडक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, झोपलेल्याला कळत नाही. झोपताना जनरेटर नाही, आणि इंजिन चालू ठेवून गाडीचा एसी लावून झोपणंही नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मोबाइलच्या चार्जरएवढा असतो, तो पलंगाच्या उंचीवर लावा.

रिसॉर्टच्या विजेचं एक दुखणं आहे. जंगलाकडच्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज १७०–१८० वर येतं. एसीला स्टॅबिलायझर लावा, १६ अँपिअरचाच सॉकेट मागा, वायर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची. आणि एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडून ठेवा. गुंडाळलेली वायर एसीच्या भाराने आतून तापते. एका गिऱ्हाइकाची ती वितळून एकसंध चक्का झालेली मी कापून काढली आहे.

दिवसाची आखणी तुम्हाला ताडोबाच करून देतो. पहाटेची सफारी, दहाच्या सुमारास परत, दुपारची फेरी तीनच्या आसपास. खरी लढाई साडेदहा ते तीन. स्वयंपाक सकाळी, तोही बाहेर छत्रीखाली. गॅसची एक शेगडी दीड-दोन किलोवॉट उष्णता आणि वर वाफ सोडते. दुपारी कुकर लावलात तर वरची सगळी कामं पाण्यात. फ्रिजमध्ये बाटल्या रात्री भरा, दुपारी कोमट पाणी आत ढकललं की कॉम्प्रेसर थांबतच नाही. फ्रिजच्या पाठीला हवा लागते का तेही बघा. डॅशबोर्डवर लायटर, सेंटचा डबा, पॉवर बँक ठेवू नका. टायरची हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा, विशेषतः समृद्धीवर जाणार असाल तर. आणि ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलांना बंद गाडीत ठेवायचं नाही. बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढतं.

आईंबद्दल स्पष्ट सांगते. ६८ व्या वर्षी तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि बीपीची गोळी चालू असेल तर अजूनच जपायला हवं, निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. निदान दुपारपुरती तरी त्यांच्यासाठी कूलरवाली पक्की खोली घ्या. त्यात गाडीची हार नाही. पन्हं, ताक, लिंबू सरबत आहेच, ओआरएसची पाकिटंही असू द्या. अंग तापलंय, बोलण्यात गोंधळ आहे, झोकांड्या जातायत, असं दिसलं तर सरबत पाजत बसू नका. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, पंख्याने वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

तारखा हलवता येत असतील तर परतीच्या वाटेवर दोन रात्री चिखलदऱ्याला टाका. अकराशे मीटरच्या आसपास उंची, खाली अमरावती भाजत असताना वर पाच-सात अंश कमी आणि रात्री पांघरूण लागतं. परतवाड्याहून वर जाणारा घाट वळणावळणाचा आहे आणि फांद्या खाली आलेल्या आहेत, जाळीचे पाइप काढून ठेवा.

जाळी आणायला जाण्याआधी टपावर चढून टेपने माप घ्या. सोलर पॅनेल जाळीच्या बाहेर राहिले पाहिजेत, नाहीतर वीज जाईल. पॅनेलखाली चार बोटं पोकळी असेल तर त्या भागाला तेच छत्रीचं काम करतात. उरलेल्या जागेची लांबी-रुंदी आणि दोन्ही बाजूंना मीटर-मीटर एवढं कळवा, पाइप किती लागतील ते सांगते.